माळ चालू राहू दे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑर्केस्ट्रातल्या पोरांना नाही, दोन पेग झाल्यावरही नाही — आणि दोन पेग झाल्यावर मी काय काय सांगतो, ते आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत अर्ध्या लोकांना पाठ आहे. आज लिहून सांगतोय म्हणजे पश्चात्तापाने मला रडू फुटलंय, असं कृपा करून समजू नका. रडणं मला शोभत नाही. पोट हलतं.

दिवसा मी विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवतो. हळदी, साखरपुडे, सोसायट्यांचे गणपती. वाजवतो बरा. बरा म्हणजे — जेवणाची ताटं खाली ठेवून लोक ऐकायला येत नाहीत, पण ताटं घेऊन लांबही जात नाहीत. माझं नाव आहे ते कानासाठी. सासरी कुणी नवा टीव्ही घेतला तरी आवाज ऐकायला मला बोलावतात. मी डोळे मिटतो, मान तिरकी करतो, थोडा वेळ थांबतो आणि म्हणतो, "बेस जरा कोरडा आहे." मग सगळे माना हलवतात. कोरडा म्हणजे काय, हे मलाही कधी नीट कळलेलं नाही.

आता पेडलचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेडल म्हणजे पायाने दाबायचा एक लोखंडी डबा. गिटारचा आवाज त्यातून जातो आणि रूप बदलून बाहेर पडतो. माझा डबा पडसादाचा. एक सूर छेडा, मागून तोच सूर पुन्हा पुन्हा येतो, विरत जातो. कॉलेजात असताना घेतलेला, निळा रंग उडालेला, ॲनालॉग. म्हणजे आत गेलेला आवाज विजेच्या रूपातच फिरतो आणि प्रत्येक फेरीत जरा झिजतो, मऊ होतो. डिजिटल डबा आवाजाचे आकडे करतो आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करतो. एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकावर मी जी प्रवचनं दिली आहेत! ॲनालॉगमध्ये जीव असतो, डिजिटलमध्ये हिशेब. ॲनालॉग म्हणजे पाट्यावरची चटणी, डिजिटल म्हणजे मिक्सरमधली. यावर सुनीता, म्हणजे आमची ही, एकदाच म्हणाली होती, "अहो, घरात चटणी मिक्सरमध्येच होते. आणि तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेता." मी तो मुद्दा तात्त्विक नाही म्हणून सोडून दिला.

तर — प्रदीप. सुनीताचा धाकटा भाऊ. मुलुंडला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. वाजवता काही येत नाही त्याला, पण माझ्या लग्नापासून माझ्या गिटारसमोर मांडी घालून बसणारा एकच माणूस, तो. माझा निळा डबा कुरकुरायला लागला, तेव्हा मी घाबरलो. त्यातले भाग आता मिळत नाहीत. प्रदीपने तो डबा काही दिवस घरी नेला, मोजमापं घेतली, परत आणून दिला आणि मग वर्षभर रविवार-रविवार बसून त्याचा आवाज आकड्यांत उतरवला. एका छोट्या काळ्या डब्यात. तो झिजण्याचा, मऊ होण्याचा प्रकारसुद्धा. कुणासाठी केलं हे? माझ्यासाठीच ना?

दहा-बारा वर्षांपूर्वी, भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, जेवला आणि पिशवीतून तो काळा डबा काढला. गोरेगावात मित्राबरोबर एक गाळा बघून ठेवला होता म्हणाला. नोकरी सोडून असे डबे बनवायचे आणि विकायचे. "पण भाऊजी, तुम्ही हो म्हणालात तरच. तुमचा कान फसला तर कुणाचाही फसेल."

परीक्षा अशी ठरली — माझ्या डोळ्यांवर सुनीताची ओढणी. गिटार मी वाजवायची. आवाज कधी जुन्या डब्यातून, कधी नव्या. बदलायचं प्रदीपने, तेही आवाज न करणाऱ्या एका बटणाने, कारण पोरगं हुशार. आणि मी ओळखायचं कुठला कुठला. सगळं सासर सोफ्यावर, फराळाच्या बशा हातात.

इथपर्यंत बरं चाललंय, नाही का? आता इथे जरा अडखळतो मी.

खिडकीला दिव्यांची माळ होती. ती झगमगणारी, रंग बदलणारी. भर दुपार, म्हणून सुनीता "ही बंद करते" म्हणत उठली. मी ओढणी बांधलेल्या डोळ्यांनी म्हणालो, "माळ चालू राहू दे गं. सणाचा दिवस आहे."

सण? मला सणाचं काय पडलं होतं? आदल्या दिवाळीत रियाज करताना मला कळलं होतं की माळ लुकलुकली की माझा निळा डबा आवाजात अगदी बारीक टिकटिक सोडतो. जुनी वायरिंग, जुनं काळीज, येता-जाता काहीही पकडतो. मी त्याला तेव्हा शिव्या घातल्या होत्या. नवा डबा ती टिकटिक पकडणार नाही, हे मला ठाऊक होतं. प्रदीपने सगळं मोजलं होतं, पण त्याच्या घरी, माळ नसताना.

मी एक सूर छेडायचो आणि थांबायचो. लोकांना वाटायचं, कान लावून ऐकतोय. ऐकत होतोच — माळ ऐकत होतो. टिकटिक आली की म्हणायचो, जुना. नाही आली की, नवा. एकदाही चुकलो नाही. सासूबाईंनी तर हात जोडले.

आणि सूर? सुरांत मला काडीचाही फरक कळला नाही. तोच मऊपणा, तेच विरणं. ती माळ बंद असती तर मी आंधळ्यासारखा चाचपडलो असतो, आणि पोराने जिंकलं असतं. ते झालं असतं तर काय बिघडलं असतं? माझं बिघडलं असतं. प्रमोशन नाही, गाडी नाही, केस नाहीत — सासरी माझा मान होता तो कानाचा. तो मेव्हण्याने रविवारी बसून डब्यात भरला, असं सगळ्यांसमोर म्हणायचं? मी ओढणी सोडली आणि म्हणालो, "प्रदीप, मेहनत दिसते रे. पण जीव नाही त्यात."

त्याने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं जमलंय, एवढंच म्हणाला. गाळा सोडला. नोकरी चालू ठेवली, ती आजही चालू आहे, आणि त्यानंतर त्याने असलं काही हातात घेतलं नाही. काळा डबा माझ्याकडेच ठेवून गेला, आठवण म्हणून.

एवढ्यावर संपलं असतं तर मी साधा खोटारडा ठरलो असतो. पण मी जरा वरच्या प्रतीचा आहे.

पुढे माझा निळा डबा मेला. घाटकोपरच्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि जळलाय म्हणाला. लाल दिवा तेवढा अजून लागायचा. मग मी काय केलं असेल? प्रदीपचा काळा डबा अँपच्या, म्हणजे गिटारच्या स्पीकरच्या मागे, टॉवेलखाली ठेवला आणि आवाज त्यातून घ्यायला लागलो. पुढे, पायाशी, तो मेलेला निळा डबा. सुरू करताना तो पायाने ऐटीत दाबायचा, लाल दिवा लावायचा. मागचा कायम चालूच. नको त्या गाण्यांनाही पडसाद. नवी पोरं जवळ येऊन म्हणतात, काका, काय फील आहे, ॲनालॉगच ना? मी म्हणतो, दुसरं काय.

मागच्या वर्षी प्रदीपच्या मुलीचा, ईशाचा साखरपुडा झाला. मुलुंडचा हॉल, छतापासून जमिनीपर्यंत माळाच माळा, सगळ्या लुकलुकणाऱ्या. निळा डबा जिवंत असता तर टिकटिकीने हॉल डोक्यावर घेतला असता. माझ्या आवाजात एक टिक नव्हती. त्या टिकटिकीचं कुणाला ठाऊक असतं तर मी तिथेच पकडला गेलो असतो. प्रदीप समोर खुर्चीत बसला होता, डोळे मिटून. मुलीचे पाहुणे सोडून माझं ऐकत. संपल्यावर आला, माझा हात धरला आणि म्हणाला, "भाऊजी, हे मला नाही जमलं कधी."

त्याचा डबा माझ्या मागे होता. टॉवेलखाली. हात लांबवला असता तर टॉवेल निघाला असता.

मी म्हणालो, "जीव लागतो रे."

झालं. हेच सांगायचं होतं. आता पाट्यावरच्या चटणीवाले मला वाळीत टाकतील. टाका. तुमच्यातल्या कितीजणांचे कान माळेवर चालतात, ते मला विचारू नका, माझे सांगितले. प्रदीप हे वाचेल. तो पुढच्या भाऊबीजेला आला नाही, तर सुनीता ओवाळणीचं ताट घेऊन माझ्याकडे बघेल, आणि मी काही ते बघणं चुकवायचा नाही. काळा डबा मी वापरतोच आहे, उद्याही वापरणार. फक्त टॉवेल धुवायला टाकलाय आणि निळा डबा माळ्यावर गेलाय.

आवाज चांगला आहे, प्रदीप. तेव्हाही होता.