बदली नारळ

चिंचवडगावातलं ते घर मी तळघर बघून भाड्यानं घेतलं. माझे यजमान दारं-खिडक्या मोजत होते आणि मी खाली उतरून दगडी भिंतींना हात लावून बघत होते. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते आणि परगावचे कामगार एकेका खोलीत पाचसहा जण दाटीवाटीनं राहत होते. त्यांच्यासाठी मला खानावळ काढायची होती. गार तळघरात धान्य, कांदे-बटाटे, तेलाचे डबे ठेवता येतील, वर ओटीवर पंगत बसेल, असा माझा सगळा आराखडा होता. पुढे जेवणाऱ्यांच्या ट्रंकाही तळघरात आल्या, कारण त्यांच्या खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग दिवाळीनंतर तळघरातून वास यायला लागला.

साधासुधा नव्हे. आंबट, कुजका आणि वर थोडा गोडसर. वरण वाढताना तो पायऱ्या चढून ओटीवर यायचा आणि पंगतीत बसायचा. दोघे जण काही न बोलता वेशीजवळच्या दुसऱ्या खानावळीत जायला लागले. तिसरा निदान सांगून गेला, "वहिनी, भाजी झकास असते हो, पण घास तोंडाजवळ नेला की नाक मागं सरतंय." आणखी दोघे गेले असते तर खानावळ बंदच करावी लागली असती.

मी कामाला लागले. कांदे-बटाटे अंगणात ओतून एकेक निवडला. धान्याच्या कणग्या उन्हात काढल्या. उंदीर मेला असेल म्हणून यजमानांना कंदील देऊन बिळं बघायला बसवलं. तेही कारखान्यातलेच, दुसऱ्या पाळीवरून दमून आलेले, ते बिळाशेजारीच झोपले. बाहेरच्या बाजूनं घरमालकीणबाईंनी गोवऱ्या रचून तळघराचा झरोका बुजवला होता, त्या हलवायला लावल्या. त्या गावच्याच, वयानं मोठ्या. मी त्यांना मामी म्हणत असे.

"गोवऱ्यांचा वास न्हाई त्यो," मामी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "माझ्या म्हशीवर आळ घेऊ नगंस."

"आळ नाही मामी, वारा खेळायला हवा."

"वारा खेळंल की. पर वास बी खेळंल समद्या आळीत."

झालंही तसंच. समोरच्या घरातून विचारणा आली, की आमच्याकडे काय शिजतंय.

तळघरात थोडा वेळ उभं राहिलं की नाक सरावतं आणि काहीच कळेनासं होतं, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून मी नवी पद्धत काढली. जो जेवायला येईल त्यानं आधी खाली जायचं, वास घ्यायचा, कुठून येतोय ते सांगायचं आणि मग पानावर बसायचं. पद्धत बिनचूक होती. फक्त वर आल्यावर कोणाला भूक राहायची नाही.

पहिला संशय आला कोकणातल्या फिटरवर. त्याच्या ट्रंकेत सुकट असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं. तो भडकला. "सुकटीला वास येतो? कोण म्हणतो? सुकटीला घमघमाट असतो, घमघमाट! आणि ती मी गणपतीला गावाहून आणली ती दसऱ्याच्या आतच संपवली."

"म्हणजे माझ्या शाकाहारी तळघरात सुकट होती?"

"होती वहिनी. आता फक्त आठवण आहे."

ट्रंक उघडली. आत कपडे, कोकमाच्या आगळाची बाटली आणि आठवण. हा तो वास नव्हता.

इतरांनी बोट दाखवलं त्या जागा वेगवेगळ्या होत्या, पण सगळ्या जिन्याच्या बाजूच्या. एकच माणूस रोज खाली जाऊन वर यायचा आणि म्हणायचा, "मला तर काहीच वास नाही बघा." तो बीडकडचा, लेथवर काम करणारा, तिशी ओलांडलेला, अबोल. त्याला पडसं झालंय का विचारलं तर नाही म्हणाला. मी उदबत्ती लावली तर तिचा वास लगेच आला त्याला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागोमाग उतरले. तो जिन्याखालच्या कोनाड्यासमोर पाठ करून उभा होता, दारात पाहुण्याला अडवावं तसा.

"बाजूला व्हा भाऊ."

"वहिनी, तिथं काही नाही."

"मग बाजूला व्हायला काय हरकत आहे?"

तो सरकला. कोनाड्यात, जुन्या कणगीच्या मागं, लाल फडक्यात नारळ होता. तडकलेला. फडकं खालून भिजून काळं पडलेलं. मी पदर नाकाला लावला तो वर येईपर्यंत काढला नाही.

फडकं अंगणात आणून ठेवल्यावर त्यानं सगळं सांगितलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी त्यानं तो नारळ लेथवर ठेवला होता आणि नवस बोलला होता, की पर्मनंट झालो तर याच मशीनसमोर फोडीन. तोवर जपून ठेवायला गार जागा म्हणून माझं तळघर. बायको-मुलं गावाकडे होती. नोकरी पक्की झाल्याशिवाय त्यांना आणायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

"आता फेकला तर माझं कसं व्हायचं?" तो म्हणाला.

मामीही त्याच्याच बाजूच्या. "नवसाचा नारळ टाकत न्हाईत, बाई."

"ठेवला तर माझी खानावळ जाते, मामी."

"ते बी खरंच हाय."

फिटर म्हणाला, "कुजका नारळ देवाला चालत नाही. आमच्याकडे देवापुढे ठेवायच्या आधी कानाशी हलवून बघतात."

मी लेथवाल्याला विचारलं, "तुमच्या कारखान्यात कोणी आजारी पडला तर मशीन बंद ठेवतात?"

"नाही. त्याच्या जागी बदली कामगार घेतात."

"हा आजारी पडलाय. याच्या जागी बदली घ्या. याला रीतसर नदीत सोडू आणि नव्याला हातात धरून काम समजावून सांगा."

त्यानं फडक्याची गाठ नीट बांधली आणि म्हणाला, "पर्मनंटचं काम बदलीनं केलं तरी चालतं. साहेबच म्हणतात."

नारळ नदीवर न्यायचा मान फिटरला मिळाला. बादलीत राख, राखेत नारळ, वर झेंडूची फुलं. मागं लेथवाला हात जोडून, त्याच्यामागं यजमान, शेवटी मी आणि मामी. वाटेतल्या बायका लांबून नमस्कार करायच्या आणि आम्ही जवळ आलो की तोच जोडलेला हात नाकावर जायचा. पवनेच्या घाटावर धुणी धुणाऱ्या बायकांनी प्रवाहाच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. "तिकडं, पार तिकडं सोडा!"

मग तळघर. दगड घासून धुतले, कोनाडा उकरून काढला, भिंतींना चुना दिला, कोपऱ्यात कळीच्या चुन्याचं मडकं ठेवलं म्हणजे ओल ओढून घेईल. झरोका उघडा राहिला. गोवऱ्यांना मामींनी दुसरी भिंत शोधली. आठवड्यात वास गेला. फिटरनं दुसऱ्या खानावळीत जाऊन बातमी दिली आणि गेलेले तिघेही परत आले. पानावर बसायच्या आधी आपणहून खाली जाऊन आले. वर आले ते भुकेलेले.

नवा नारळ फिटरनंच निवडला, दुकानदार वैतागेपर्यंत एकेक कानाशी हलवून. तो मी तळघरात जाऊ दिला नाही. स्वयंपाकघरात चुलीपासून दूर, शिंक्यात टांगला आणि दर शनिवारी स्वतः हलवून बघत गेले. लेथवाला जेवायला आला की आधी शिंक्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी मान हलवली की पान वाढून घ्यायचा.

पुढच्या पावसाळ्याआधी एका दुपारी तो धावतच आला. "वहिनी, नारळ द्या! झालो!"

मी शिंकं सोडलं. नारळ घेऊन तो कारखान्याच्या गेटाकडे पळाला आणि संध्याकाळी फोडलेल्या नारळाची एक वाटी घेऊन आला, पंगतीसाठी प्रसाद म्हणून. सगळे बघत होते. मी वाटी नाकाशी नेली, नीट वास घेतला आणि मगच किसणीला लावली.