दादासाहेबांच्या गाडीचा शाफ्ट

निघोज्याचे दादासाहेब कंपनीतून निवृत्त झाले आणि घरच्यांनी त्यांना जन्मठेप सुनावली, असं मी शेजारी या नात्याने त्यांना तोंडावर म्हणत असे. ते हसायचे, पण त्यांना ते पटायचं. जमीन एमआयडीसीत गेली, उरल्या तुकड्यावर त्यांनी कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि त्या खोल्यांनी त्यांना गिळलं. पाण्याची मोटर बंद पडली, बोलवा दादासाहेबांना. संडास तुंबला, बोलवा दादासाहेबांना. रात्रपाळीवाल्याची किल्ली हरवली, तरी दादासाहेबच. माणूस आंघोळीला बसला तरी दारावर थाप पडायची.

त्यात त्यांची जुनी गाडी वळताना कटकट करू लागली आणि एक दिवस पुढचं चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्टच गेला. मॉडेल केव्हाच बंद झालेलं. आमच्या दारावरून एमआयडीसीतले शाफ्टांनी भरलेले ट्रक जातात, पण यांच्या गाडीला बसेल असा एक मिळेना! शेवटी गाडी पिंपळे गुरवला करीमभाईंच्या गॅरेजवर ओढून नेली.

रविवारी दादासाहेब करीमभाईंबरोबर भंगारवाल्यांकडे हिंडले. एका शाफ्टचे दात जुळेनात, दुसरा बोटभर जास्त लांब निघाला. संध्याकाळी काळ्या हातांनी घरी आले, ते जत्रेतून आल्यासारखे खूश. दिवसभर त्यांना कुणी हाक मारली नव्हती. घरातही कुणी कुरकुरलं नाही, कारण गाडीचं काम म्हणजे काम. कामाला निघालेल्या माणसाला आमच्याकडे कुणी अडवत नाही. नुसतं बसायला निघालेल्याला सगळे अडवतात.

मग एकदा नेमका शाफ्ट सापडला.

"दादासाहेब, दात जुळले! संध्याकाळपर्यंत बसवून देतो," करीमभाई म्हणाले.

दादासाहेबांचा चेहरा पडला. "बसवा. पन घरी सांगू नका."

"का हो?"

"गाडी घरी गेली की आमी परत कोंडलो, करीमभाई."

करीमभाईंनी चहा सांगितला आणि विषय वाढवला नाही. तेव्हापासून दादासाहेब दर रविवारी शाफ्ट शोधायला म्हणून निघत आणि गॅरेजच्या मागे, धडधाकट गाडीत, मागच्या सीटवर ताणून देत. त्यांनीच सांगितल्यामुळे मला सगळं ठाऊक होतं. चोराचा साथीदारच म्हणा ना.

परवाच्या रविवारी खोल्यांची मोटर जळाली. भाडेकरूंनी आरडाओरडा केला, दादासाहेब फोन उचलेनात. त्यांची बायको, जयमालावहिनी, माझ्या दारात आल्या. "भावजी, मला गॅरेजवर सोडा." मी पेट्रोल नाही म्हणालो, पाठ धरलीय म्हणालो. माझी एकही सबब चालली नाही.

गॅरेजच्या मागे गाडी चारी चाकांवर उभी होती आणि मालक आत घोरत होता.

"गाडी चालती का?" वहिनींनी करीमभाईंना विचारलं.

करीमभाईंना खोटं बोलवेना. "चालते, भाभी."

"कवापासनं?"

"दिवाळीपासून."

आता फटाके फुटणार म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. दादासाहेब धडपडत उठून बसले. रंगेहाथ सापडलेल्या माणसासारखं भराभरा बोलू लागले.

"अगं, मिळाला शाफ्ट, व्हय, खोटं बोललो. पन घरात जीव गुदमरतोय माझा. जो तो हाक मारतोय. वाटलं, एक दिस तरी कुनाला सापडू नये."

वहिनी गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, दुसरं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"तुमाला शोधायला शाफ्ट तरी हाय," त्या म्हणाल्या. "मी काय शोधायला म्हनून घराबाहेर पडू?"

वहिनींनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि डोळे मिटले.