बर्फातला चेहरा

अनारकान आमच्यापेक्षा थोरली, म्हणून आम्ही तिला एजे म्हणतो. तिचा राग नाकावर असतो, असं आमच्या नारीन गावात सगळेच सांगतात. मी सांगत नाही. माझ्यावरचा तिचा राग आठ वर्षांचा आहे आणि तो मी कमावलेला आहे.

मी थडग्यांच्या काळ्या दगडावर चेहरे कोरतो. ती लग्नांचे, मेजवान्यांचे फोटो काढते. पहिला मिररलेस कॅमेरा घेतला तेव्हा तिने हातभर लांब लेन्सही घेतली आणि बापाला बर्फात उभं केलं. डोक्यावर पांढरी कलपाक टोपी, मागे पांढरा डोंगर. एवढं पांढरं समोर आलं की कॅमेरा बिचकतो आणि सगळंच काळवंडवतो. डोंगर सुरेख आला, बापाचा चेहरा काळाठिक्कर. म्हातारा त्याच हिवाळ्यात गेला. फोटो उजळवायला जावं तर डोळ्यांच्या जागी नुसती वाळू दिसायची. मी डोळे मनानेच कोरले.

दगड उभा राहिला. एजेने पाहिला आणि चारचौघांत विचारलं, "मेदेर, हा कोण माणूस?"

मलाही राग आला. फोटो बिघडवला हिने आणि बोल मला. त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं.

दोन वर्षांमागे मार्चमध्ये बातमा आपाला ऐंशी वर्षं झाली म्हणून मेजवानी होती. अंगणात बर्फ होता, तंबू ठोकलेला होता. आपा पांढऱ्या कापडाचा भलाथोरला एलेचेक डोक्याला गुंडाळून खुर्चीत बसली होती. तिचा मुलगा कुबात राजधानीतून, बिश्केकहून आला होता आणि सगळ्यांना अक्कल शिकवत होता.

"एजे, ती लांब लेन्सची तोफ काढा की. अख्खा डोंगर मागे दिसला पाहिजे."

"तोफ घोड्यांच्या शर्यतीला. तुझी आई काय पळून चाललीय?"

एजेने बुटकी लेन्स लावली आणि आपाच्या पुढ्यात जाऊन बसली. ती लेन्स उजेड भरपूर घेते, पण माणसाच्या जवळ जावं लागतं. मग तिने कॅमेऱ्यावरची चकती दोन घरं उजेडाकडे फिरवली. कुबात तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावला.

"अहो, डोंगर गेला ना! सगळं पांढरं झालं."

"डोंगर कुठे मरतोय?" एजे म्हणाली.

जेवणारे हात थांबले. कुबात लालबुंद झाला. आपाच शेवटी बोलली, "गप्प बस, कुबात. ही दगडासाठी काढतेय, तुझ्या फोनसाठी नाही. ये गं, अजून जवळ ये."

आपा ऑगस्टमध्ये गेली. वर्ष फिरलं, दगडाची वेळ आली. कुबात माझ्याकडे आला तो स्वतःच्या फोनवरचा फोटो घेऊन. डोंगराची कडा न् कडा त्यात होती आणि आपाचा चेहरा तव्याच्या बुडासारखा.

"एजेने काढलेला फोटो कुठाय?"

"त्यात डोंगरच दिसत नाही. डोळे तू मनाने काढ रे. म्हाताऱ्यांचे डोळे सगळे सारखेच."

माझं डोकं तापलं. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. पण कुठल्या तोंडाने देणार? मीही एकदा हेच केलं होतं.

फोन त्याच्या हातात कोंबला आणि तडक एजेच्या दारात गेलो.

"काय?" तिने विचारलं.

"बातमा आपाचे डोळे हवेत."

ती आत गेली आणि फोटो घेऊन आली. मागे डोंगर नव्हताच. एलेचेकच्या घड्याही उजेडात विरल्या होत्या. चेहरा मात्र सुरकुती न् सुरकुती मोजावी इतका स्पष्ट.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे," एजे म्हणाली. "तोही कोर. कुबात नको म्हणेल, ऐकू नकोस."

"एजे, तुमच्या वडिलांच्या वेळी फोटोत काहीच..."

"फोटो मी बिघडवला. या कॅमेऱ्यात बटण दाबायच्या आधीच कळतं. बाप काळा येतोय हे दिसत होतं आणि मी डोंगर बघत बसले. तो राग माझा माझ्यावर आहे. त्यात तू पडू नकोस."

तिने दार अर्धं लोटलं.

"तुझ्यावरचा वेगळा. माझं घर तेव्हाही इथेच होतं, मेदेर. विचारायला आला असतास, तर बापाचा डावा डोळा बारीक होता, एवढं तरी सांगितलं असतं."