गायकवाड सरांची कॉन्फिग फाईल

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या कशालाही मी भीक घालत नाही. कुळगावात आमच्या चाळीमागच्या चिंचेला सगळी पोरं टरकायची, मी त्याच झाडावर बसून चिंचा खायचे. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण घडलं ते घडलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक सिंधी व्यापारी रक्तदात्यांचं मंडळ चालवायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत एक सेकंडहँड सर्व्हर होता आणि त्यात सगळ्या रक्तदात्यांचा डेटाबेस. तो बसवला मी आणि गायकवाड सरांनी. सर अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, माझे कॉम्प्युटरमधले गुरू आणि एक नंबरचे भांडखोर. मीही काही कमी नव्हते म्हणा!

भांडण एकाच गोष्टीवरून. डेटाबेस सुरू होताना आधी एक छोटी कॉन्फिग फाईल वाचतो — डेटा कुठल्या डिस्कवर आहे, मेमरी किती घ्यायची, वगैरे. ती नसेल तर आमचा सर्व्हर उठायचाच नाही. मी म्हणायचे, ती डेटाच्याच फोल्डरमध्ये ठेवू, बॅकअप एकत्र होईल. सर म्हणायचे, छे! सिस्टिमच्या डिस्कवर, ईटीसी नावाच्या फोल्डरमध्येच हवी.

"अगं वर्षा, ड्यूटीवर जाताना किल्ली घरात ठेवून कुलूप लावतेस का? शेजारी देतेस ना?"

"आणि शेजारी गावाला गेले तर, सर?"

"तुझ्या तोंडी कोण लागणार!" असं म्हणून ते चहा मागवायचे.

शेवटी माझंच चाललं. मग सर गेले, हार्ट अटॅकने. कितीतरी दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

त्यानंतर वर्षभराने एका सकाळी डेटाची डिस्कच बंद पडली. मी धावपळ करून नवी आणली, जोडली, बॅकअपच्या टेपवरून डेटा उतरवायला घेतला. तेवढ्यात पालेगावचे एक काका धापा टाकत जिना चढून आले. त्यांची लेक बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. बी निगेटिव्ह हवं होतं आणि ब्लड बँकेत एक बाटली नव्हती. कुणाचं रक्त जुळेल, ते आमच्या डेटाबेसलाच ठाऊक.

डेटा सगळा उतरला... कॉन्फिग फाईल सोडून. तिच्यात नुसता कचरा! मी हाताने लिहून पाहिली, पुन्हा लिहिली, सर्व्हर उठेना.

"ताय, गावंल ना गो कोन?" काका विचारत होते. मी फाईल तिसऱ्यांदा लिहायला घेतली.

"बेटी, पहले पानी पी," दादा म्हणाले.

पाणी पिऊन आले. काय मनात आलं कोण जाणे, मी लिहिलेली फाईल पुसून टाकली आणि तशीच स्टार्टची कमांड दिली.

सर्व्हर उठला!

विचार करायला सवड कुणाला होती? बी निगेटिव्ह शोधलं, नावं आली, दादांनी भराभर फोन लावले. बदलापूरचे एक मास्तर वर्ग सोडून निघाले. संध्याकाळी काकांचा हॉस्पिटलमधून फोन आला — लेक वाचली. मी आणि दादा, दोघंही रडलो.

डेटाच्या फोल्डरमध्ये फाईल नसली की सर्व्हर ती ईटीसीत शोधायचा, म्हणून मग मी ईटीसी उघडून पाहिलं. फाईल तिथे होती. तारीख त्याच दिवसाची. आत नव्या डिस्कचं नाव — ते मी सकाळीच दिलेलं, सर असताना ती डिस्क नव्हतीच. आणि सर्वांत वर शेरा, इंग्रजी अक्षरांत मराठी: "किल्ली शेजारी". पासवर्ड दोघांनाच माहीत होता, मला आणि सरांना. दादांना तर कीबोर्डची भीतीच वाटायची.

घरचे म्हणतात, सरांचा आत्मा आला. हे ऐकून सरांनीच झापलं असतं! पक्का बौद्ध माणूस, आत्मा मानायचेच नाहीत. मीच घाबरून लिहिली आणि विसरले? असेलही... पण मग डेटाच्या फोल्डरमध्ये मी हाताने लिहिलेली का नाही चालली?

बारशाला पालेगावला गेले, तर त्या चिमुरडीने माझं बोट जे धरलं ते सोडेचना. ती फाईल मात्र मी ईटीसीमधून पुन्हा कधी हलवली नाही. सरांपुढे मी हार मानली, ती तेवढी एकदाच.