टोपांना टिकल्या लावणारे काका

"ह्यांची बायको हरवली ना, तर चार दिवस कळणार नाय. पण एक झारा हरवू दे, गाव डोक्यावर घेतील!"

तळमजल्यावरच्या काकी हे घरात बोलल्या, पण जिन्यातल्या माणसालाही ऐकू जावं अशा बेतानं. जिन्यात मी होते. हातात कढीपत्त्याची जुडी घेऊन, बेल वाजवावी की परत फिरावं असा विचार करत उभी होते. हा विचार मी बहुतेक दारांबाहेर करते. तेवढ्यात आतून काकांचं शांत उत्तर आलं, "बायको हरवत नाय गो, बायकोला तोंड हाय. झाऱ्याला तोंड नाय, म्हणून तर त्याला टिकली लावतो."

पनवेलच्या खाडीपासून खारघरच्या डोंगरापर्यंत कुठेही शोधा, निर्जीव वस्तूंनी बोलावं म्हणून इतका जीव टाकणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. करंजाड्यातली आमची इमारत काकांना गेलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभी आहे. म्हणजे एका अर्थी आम्ही चोवीस कुटुंबं त्यांच्या भाताच्या खाचरातच राहतो. पण गेलेल्या जमिनीबद्दल हळहळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांचा सगळा जीव गावकीच्या भांड्यांत. जुन्या गावठाणात देवळामागे एक खोली आहे. तिथे टोप, पराती, हंडे, कढया, झारे अशी सगळ्या गावाच्या मालकीची भांडी असतात. हळद असो, बारसं असो की दहावं, ती ज्याच्या त्याच्या घरी जातात आणि घासूनपुसून परत येतात. बहुतेक भांडी गेलेल्या माणसांच्या नावानं दिलेली, काठावर टिंबाटिंबांनी त्यांची नावं कोरलेली. त्या खोलीची किल्ली तीस वर्षं काकांच्या कमरेला आहे. "जमीन गेली तिचा कागद तरी हाय," ते म्हणतात, "टोप गेला तर माणूस दुसऱ्यांदा गेला."

या माणसाच्या डोक्यात टिकलीचं वेड शिरलं ते टोलनाक्यावर. मुलाच्या गाडीतून जाताना त्यांनी पाहिलं, की समोरचा दांडा आपोआप वर जातो, कारण गाडीच्या काचेवर एक चपटी पट्टी चिकटवलेली असते. त्या पट्टीत ना बॅटरी, ना वायर. वरच्या यंत्रानं लहर सोडली की पट्टी फक्त आपला नंबर सांगते. दुसरा कोणी असता तर त्यानं पुढचा घाट बघितला असता. काका लोणावळा येईपर्यंत गप्प होते आणि मग म्हणाले, "गाडीनं आपलं नाव सांगितलं. मग माझ्या टोपानं का नाय?" दुसऱ्या दिवशी मुलगा अंघोळीला गेल्याची संधी साधून त्यांनी खोबरेल तेल आणि सुरी घेऊन ती पट्टी काचेवरून सोडवली. मुलगा नाक्यावर पोचला तेव्हा दांडा काही हलेना. त्याचा फोन आला तेव्हा मी कढीपत्ता द्यायला तिथेच होते, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकल्या.

"बाबा, काचेवरची पट्टी कुठाय?"

"टोपाला लावली. तू ये फिरून."

"फिरून कसा येऊ? पुढं दांडा, मागं ट्रक!"

"मग ट्रकवाल्याला जरा समजावून सांग," असं म्हणून काकांनी फोन ठेवला. ट्रकवाल्याला काय समजावायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

ती पट्टी अर्थातच सोडवतानाच मेली होती. मग काकांनी परदेशातून अशा पट्ट्यांचं एक भेंडोळं मागवलं, आणि पट्ट्या वाचणारं, पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र. पट्टीला ते टिकली म्हणू लागले. यंत्राला बंदूक हे नाव काकींनी दिलं. "भांड्यांना टिकल्या आणि ह्यांना बंदूक. मी आपली तशीच," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, आणि तिथेच माझा नंबर लागला. मी इंग्रजी माध्यमात शिकले आणि घरूनच काम करते, हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. मी फारशी बोलत नाही, हेही. काकांना दोन्ही सोयीचं वाटलं असावं. टिकली दारावर बोलायची, कॅलेंडरवर बोलायची, काकींच्या पाठीवरही एकदा बोलली. टोपावर लावली की मात्र मुकी. काका टोपाला चापट मारत, गोंजारत, "बोल ना बाबा" म्हणत. मी कोपऱ्यात बसून पुस्तकात कारण वाचलं, मग मनातल्या मनात त्याचं मराठी वाक्य जुळवलं, ते दोनदा तपासलं आणि बोलले, "काका, धातू लहर खातो. मध्ये थोडी जागा हवी." तोवर मी त्यांच्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य होतं. काका बराच वेळ खाली मान घालून बसले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. ते स्वतःच्या चपलेकडे बघत होते.

त्या आठवड्यात इमारतीतल्या दाराबाहेरच्या रबरी चपला कमी होऊ लागल्या. चपलेचा तळ कापून त्याची चकती करायची, तिच्यावर टिकली चिकटवायची, आणि चकती टोपाला लावायची. टोप बोलू लागले! काका चोर नव्हते, विचारून नेत. "उजवी झिजलीय ना? मग डावी एकटी काय करणार?" अशा रीतीनं माझ्या दोन्ही गेल्या. पण पहिल्याच हळदीला टोप चुलीवर चढले, चकत्या वितळल्या, आणि त्या मटणाला जो वास आला त्याची आठवण गावात अजून काढतात. नवरदेवाचा मामा जेवताना शेजाऱ्याला म्हणाला, "रस्सा चांगला हाय, पण मापाचा नाय, जरा टाचेत घट्ट लागतो." काका खचले नाहीत. पुढच्या लग्नात त्यांनी चकत्या तारेनं टोपांच्या कड्यांना बांधल्या आणि आचाऱ्याला बजावलं, की चुलीवर चढवण्याआधी काढून ठेव. आचाऱ्याला ठेवायला जागा मिळेना, म्हणून त्यानं त्या दोरीत ओवून गळ्यात घातल्या. संध्याकाळी काकांनी बंदूक फिरवली तेव्हा यंत्राच्या हिशेबी सात टोप मांडवाबाहेर उभे राहून पान खात होते.

हळूहळू सगळ्या भांड्यांना टिकल्या लागल्या. प्रत्येक टिकलीच्या नंबरासमोर त्या भांड्याचं नाव माझ्या लॅपटॉपवर चढवायचं होतं. मी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते, आणि टिंबाटिंबांचं कोरलेलं वाचणं तर फारच अवघड. काका भांडं उजेडाकडे धरत, मी एकेक अक्षर लावत असे, आणि नाव पूर्ण झालं की ते त्या माणसाची ओळख करून देत. ही परात दिली ती बाई नवऱ्याशी भांडून ओवे गावाला माहेरी चालत जायची. हा हंडा ज्याच्या नावाचा, तो मिठागरावर गाणी म्हणायचा आणि अर्धं मीठ विसरून यायचा. शाळेत मला जे मराठी आलं नाही, ते मी त्या खोलीत भांड्यांवरून शिकले.

यादीत पहिल्या नंबरावर मात्र भांडं नव्हतं. ती ओळ होती काकांच्या आईच्या टोपाची. त्यांनीच आईच्या नावानं दिलेला, अॅल्युमिनियमचा, ज्याला ते जर्मनचा म्हणतात. चार वर्षांपूर्वी तो कुणाला तरी सत्यनारायणाच्या प्रसादासाठी दिला आणि कुणाला ते विसरले. त्यानंतर काकांनी तालुक्यातलं एकही लग्न सोडलं नाही, पंगतीत वाढणाऱ्याआधी ते टोपांचे काठ वाचत. टिकल्यांचा सगळा उद्योग मुळात त्या एका टोपापायी. काकी विचारत, "जो हरवलाय त्याला टिकली लावणार कशी?" काका म्हणत, "सापडल्यावर." तोवर पहिल्या नंबराची टिकली, चपलेच्या चकतीसकट, त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. त्यामुळे बंदूक चालू केली की सर्वांत आधी काकांची छाती वाजायची.

तो टोप कुठे आहे हे मला कळलं मार्च महिन्यात. आम्ही राहायला आलो तेव्हा माळ्यावर आधीच्या भाडेकरूंचा एक जुना टोप पडलेला होता. कुणाचा आहे, कुणी विचारलं नाही. पडद्याचे दांडे बसवायला आलेल्या माणसाकडून आईनं त्याच्या तळाला ड्रिलनं चार भोकं पाडून घेतली आणि त्यात कढीपत्ता लावला. झाड असं फोफावलं की अर्ध्या इमारतीला पुरतं, आणि काकींना तर त्याशिवाय चालत नाही. एका सकाळी ऊन नीट लागावं म्हणून मी बाल्कनीतला टोप फिरवला, तर भिंतीकडची बाजू पुढे आली. टिंबं. आता मला टिंबं वाचता येत होती.

"सांगूया," मी आईला म्हटलं.

"काय सांगणार?" आई म्हणाली. "तुमच्या आईला आम्ही भोकं पाडली?"

त्यानंतर मी रोज ते वाक्य जुळवत असे आणि रोज काकांकडून न बोलता परत येत असे. एकदा "काका, तो टोप" इथपर्यंत पोचले होते. पण ते इतक्या आशेनं वळले, की मी घाईनं "अॅल्युमिनियमचा होता ना?" एवढंच विचारलं.

गावदेवीच्या जत्रेआधीच्या रविवारी सकाळी भांड्यांची मोजदाद असते. या वर्षी काकांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळा गाव दादूस म्हणतो, त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, "पोरांना आता केटरर लागतो. हा पसारा मोडीत घाला आणि खोली जिमला द्या. ज्याच्या हातून स्वतःच्या आईचा टोप गेला, तो गावाचे टोप काय राखणार?" काका म्हणाले होते, "तोवर तोपण सापडेल. मोजून बघ. एक जरी कमी भरला, तर किल्ली तुझी." खरं सांगायचं तर दादूसांचंही अगदी चुकत नव्हतं. खोलीला आता वर्षातले बरेच महिने कुलूपच असतं.

देवळाच्या अंगणात मी प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसले. काका खोलीत बंदूक घेऊन फिरू लागले. टूं, टूं, टूं. पडद्यावर एकेक नाव हिरवं होत गेलं. परातवाली, मिठागरवाला, सगळे हजर. शेवटचा झारा बोलला आणि दादूस माझ्या खांद्यावरून वाकले. वरपासून खालपर्यंत सगळं हिरवं. पहिली ओळसुद्धा.

"आयला, पुरे भरले की!" दादूस म्हणाले. "आईचा टोपपण हाय? कधी मिळाला रे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकी पदरानं डोळे पुसू लागल्या. मी काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. ती ओळ हिरवी का झाली हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आणि दोघंही गप्प राहिलो असतो, तर खोली वाचत होती, किल्ली वाचत होती, आमची बाल्कनीसुद्धा वाचत होती.

काकांनी बंदूक खाली ठेवली. खिशातून ती चकती काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"नाय," ते म्हणाले. "हा टोप नाय. हा माझा खिसा हाय."

कुणीतरी मागून "मग जिमचं सामान मागवू का?" म्हणालं आणि दोघंतिघं हसले. दादूस हसले नाहीत. ते म्हणाले, "अरे, मशीन बोलली होती ना, तू कशाला बोललास?" काका कमरेची किल्ली सोडवत होते. तीस वर्षांची गाठ, लवकर सुटेना.

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, तिचा केवढा तरी आवाज झाला आणि सगळं अंगण माझ्याकडे बघू लागलं. वाक्य जुळवायला वेळ नव्हता.

"काका, टोप आमच्याकडे आहे. बाल्कनीत. 'कै. हिराबाई हिचे स्मरणार्थ ग्रामस्थांस भेट' असं लिहिलंय त्याच्यावर, मी वाचलं. तळाला चार भोकं पाडलीत आम्ही, सॉरी. त्यात कढीपत्ता लावलाय. तोच, काकी नेतात तो. मी रोज पाणी घालते त्यांना."