मनोरमाच्या नावावरची गाठ

शारजात, अल मजाजला नवं मराठी कुटुंब उतरलं की पहिल्याच आठवड्यात मनोरमा पाटणकरच्या घरी त्याला जेवण मिळे, आणि वर एक दम.

"भांडी सावकाश घ्या. पण विम्याचं कार्ड हातात पडेस्तोवर आजारी पडायचं न्हाई."

लोक हसत. ती हसत नसे. लग्न होऊन कराडहून आली तेव्हा दुबईच्या देरा भागातल्या पडदा लावलेल्या अर्ध्या खोलीत तिनं टायफॉइड अंगावर काढला होता, कार्ड आलं नव्हतं म्हणून. तेव्हा गळालेले केस पुन्हा दाट झाले नाहीत. पुढं देऱ्यातल्याच एका ट्रेडिंग कंपनीत ती एचआरला लागली. सगळ्या स्टाफची कार्डं तिच्याच हातून जात.

धाकटी बहीण स्वप्नाली रास अल खोरच्या मसाल्याच्या गोदामात अकाउंट्सला लागली आणि हिच्याकडंच राहायला आली. दोघींचा तोंडवळा एकच. तिच्या कार्डाचं विचारलं की कंपनीवाले म्हणत, "प्रोसेसमध्ये आहे, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हंजे काय गं आक्का?"

"म्हंजे आज न्हाई."

एका रविवारी बहिणीच्या डोक्याला तेल लावताना मनोरमाची बोटं मानेवर थांबली. कानाखाली गाठ होती. टणक, जागची न हलणारी.

"दुखतंय का गं?"

"न्हाई."

दुखत असती तर मनोरमाला बरं वाटलं असतं.

रोखीनं तपासण्या परवडणाऱ्या नव्हत्या. गावी जावं तर प्रोबेशनमधली नोकरी जाणार. मनोरमानं पर्समधून स्वतःचं कार्ड काढलं.

"हे घे. फोटोत तूच दिसतीस. जन्मतारीख तेवढी पाठ कर."

"मनू," तिचा नवरा प्रल्हाद म्हणाला, "कार्ड दुसऱ्याला देणार नाही म्हणून स्टाफकडून सही तूच घेतेस ना?"

"एकदाच. मग खलास."

"मम्मी, दॅट्स फ्रॉड," ताटावरून मान न उचलता काव्या म्हणाली.

"तू जेव."

देऱ्यातल्या क्लिनिकात कुणी फोटो निरखून बघितला नाही. गाठीत सुई घालून काहीबाही काढून घेतलं. लिफ्टमधून उतरताना स्वप्नाली खुदखुदत होती. "तुझं वय सांगताना लाज वाटली बघ, आक्का."

चार दिवसांनी ऑफिसात मनोरमाचा फोन वाजला.

"मनोरमा मॅडम? डॉक्टरने आज ही बुलाया है. मिस्टर को साथ लेके आना."

"रिपोर्ट कैसा है?"

"आप आइए, मॅडम."

फोन ठेवला तेव्हा तिचा हात स्वतःच्या मानेवर होता. मान साफ होती.

दुपारी स्वप्नालीचा मेसेज आला. आक्का, माझं कार्ड आलं. खाली कार्ड गालाला लावून काढलेला हसरा फोटो. मनोरमा तो बघत राहिली. त्या कार्डावरच्या बाईला गाठ नव्हती. आजार काही नाही, असं ती अर्जात लिहून मोकळी झालेली. रिपोर्टात गाठ मनोरमाला होती. उपचार व्हायचे तर स्वप्नालीनं मनोरमा होऊनच खाटेवर निजायचं, औषधं घ्यायची, चिरफाड झाली तर तीसुद्धा त्याच नावानं. आणि काही बरंवाईट झालं, तर कागदावर मरणार कोण?

खरं बोलावं तर नोकरी जाणार. नोकरीमागं व्हिसा. काव्याची शाळा. त्याहून पुढं काय असतं ते मनोरमाला ठाऊक होतं. ऑफिसातल्या लोकांना ती तेच तर सांगून भिववत आली होती.

तिनं प्रल्हादला फोन केला नाही. स्वप्नालीला तेवढं म्हणाली, "क्लिनिकात ये. नुसतं दाखवायचंय."

क्लिनिकातल्या एसीनं हातपाय गार पडले होते. दार किलकिलं करून नर्सनं हाक मारली, "मनोरमा?"

शिकवल्याप्रमाणं स्वप्नाली उठली. मनोरमानं तिची ओढणी धरून तिला खाली बसवलं.

"मनोरमा मैं हूं," ती म्हणाली. "बीमार ये है. इसका नाम स्वप्नाली."

नर्सचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं. तिनं दोघींची कार्डं मागितली. शेजारी शेजारी धरून पाहिली.

"आप दोनों यहीं बैठिए."

कार्डं घेऊन ती आत गेली. काचेपलीकडं तिनं फोन उचललेला दिसला. बोलताना ती यांच्याकडंच बघत होती.

स्वप्नालीनं मनोरमाचं मनगट घट्ट धरलं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "मी कुठं बीमार हाय?"