वीतभर उजवीकडे

बंदूक घ्यायची ठरली ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उपटल्यावर. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायचं. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी परत सांगत बसत नाही. आमच्या घरी एवढंच झालं, की अळीनं बोंडं पोखरली, बानं वेळेआधीच पऱ्हाटी उपटली आणि त्या वावरात हरभरा पेरला. हरभरा झकास आला. इतका झकास, की जंगलातल्या हरणांनाही खबर लागली.

आमचा तांडा नेरच्या बाजूला, आणि वावर नाल्यापलीकडे. दिवस कलला की कळप हजर. बुजगावणं लावलं, तर एक हरीण त्याच्या सावलीतच बसलं. हाकलायला धावलं की या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर जायची, आपण दमलो की परत. त्या साली घरात जे काही येणार होतं ते या हरभऱ्यातूनच. दुसरं वावरात काही उभंच नव्हतं.

बा म्हणाला, "बंदूक आनू."

याडी, म्हणजे माझी आई, चुलीपुढून उठलीच. "हरणाले एक छर्रा जरी लागला ना, तर दोघायची भाकर बंद! मुकं जनावर हाय ते."

"आन् फॉरेस्टवाले धरून नेतीन ते येगळंच," मी म्हटलं.

"मारून कोन राह्यलं?" बा म्हणाला. "तिकडच्या धुऱ्यावर तेलाचा पिपा टांगतो. राखनीच्या माळ्यावर बसून पिप्याले हानतो. हरणाच्या कानापाशी वाजला का पयते सारा कळप."

डोकं होतं बाला. पिप्याला दोरी बांधून ओढून पाहिली होती, ती हरणांनी पायात घेऊन तोडली. गोफणीचा गोटा कुठं जाईल याचा भरवसा नव्हता. म्हणून बंदूक, लायसन न लागणारी, छर्ऱ्याची, स्वस्त, आणि तरी नेमाची पक्की.

निवडायचं काम माझ्याकडं आलं. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. तांड्यावरचाही पहिलाच. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. नोकरी मात्र लागली नव्हती, त्यामुळे शेजारचा काका येताजाता विचारायचा, "काय म्हंते डिग्री? चायसंगं खाता येते का?"

यवतमाळच्या दुकानदारानं आम्हाला खालून वरून पाहिलं. "शिकारीले पाह्यजे का? ते बंद हाय, आधीच सांगतो."

"नाही जी, पिपा वाजवाले," बा म्हणाला.

तो इतका हसला की चहाच मागवला. मग मागच्या अंगणात नेऊन भिंतीवर कागद लावून दिला. चकचकीत बंदूक आमच्या ऐपतीबाहेरची होती, ती मी हातातही घेतली नाही. स्वस्तातली नवी घेऊन दहा पावलांवरून मारली. एक छर्रा वर, एक खाली, एक शेजाऱ्याच्या पपईला.

"ते कोपऱ्यातली कोनती?" मी विचारलं.

"तिरपी हाय ते. नेम धराची मागची खाच गंजून बसली, हालत नाही. घेनारे वापस आनून देतात. नेता का लोखंडाच्या भावात?"

मी मारून पाहिली. छर्रा खुणेच्या डावीकडे चार बोटं. दुसरा मारला, तिथंच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे तिथंच. वर रुपया ठेवला असता तर झाकले गेले असते. आणि मला एकदम कॉलेजची प्रयोगशाळा दिसली. माझ्या वाट्याला नेहमी बिघडलेलं मोजमाप यायचं आणि सर म्हणायचे, "चूक दर वेळी तेवढीच आहे ना? मग वजा कर आणि पुढं चल."

"बा, हेच घेऊ."

बस लागली तेव्हा बानं बंदूक पोत्यात गुंडाळली. मग म्हणाला, "पोरगं सरळ शिकलं आन् बंदूक तिरपी आनली."

तांड्यावर काका तर वाटच पाहत होता. "वा रे वा! बंदूकही एटीकेटीवालीच आनली!"

मी हिशोब सांगितला. दहा पावलांवर चार बोटं चुकते, तर माळ्यापासून पिप्यापर्यंतच्या तीस पावलांवर बारा बोटं, म्हणजे वीतभर. नेम पिप्याच्या वीतभर उजवीकडे धरायचा. बानं धरला. टण्ण! पुन्हा मारलं, पुन्हा टण्ण. मजा पाहायला वावरात आलेला काका पान थुंकायला म्हणून उठून गेला.

संध्याकाळी याडीही माळ्यावर चढली, आमच्यावर नजर ठेवायला. कळप आला, हरभऱ्यात शिरला. त्यातली एक हरणी नेमकी पिप्याला लागून उभी राहिली, उजव्या अंगाला, मान वर करून.

बानं बंदूक उचलली आणि खाली घेतली. "आता कसं?"

"तसंच."

"तिथं तिची मान हाय."

"मानीवरच धर."

"काय सांगून राह्यला रे तू त्याले?" याडीनं माझं मनगट धरलं.

बाकीची हरणं घाटे ओरबाडत होती, ओळीच्या ओळी उघड्या पडत होत्या. हरणी काही हलेना. बानं माझ्याकडं पाहिलं. "पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं.

बा याडीला म्हणाला, "तू डोये मिट." आणि हरणीच्या मानेवर नेम धरून त्यानं चाप ओढला.

टण्ण!

सगळा कळप एका झेपेत जंगलाकडं गेला, हरणी सगळ्यांच्या पुढं. याडी माळ्यावरून उतरून थेट धुऱ्यावर गेली. वाकून माती पाहिली, गवत चाळवलं, मग पिपा फिरवून त्यावरचा नवा पोचा बोटानं चाचपला. तिथूनच ओरडली, "कायी नाही लागलं!"

हरभरा वाचला. त्यानंतर बा रोज एकटाच माळ्यावर जायचा. पण त्या दिवशी आम्ही तिघं बरोबर परतलो. नाल्यात उतरताना बा म्हणाला, "अजून काय काय शिकवलं रे तुह्या कॉलेजात?" तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं त्यानं. घर येईपर्यंत मी सांगत राहिलो, आणि बा मधूनमधून थांबून म्हणायचा, "मंग?"